परभणी जिल्ह्यात गाव ते तालुका रस्ता दर पावसाळ्यात उखडतो. दुरुस्ती कोणाकडे मागायची?

आधी रस्त्याचा दर्जा पाहा: राज्यमार्ग (रामा) किंवा प्रमुख जिल्हा मार्ग (प्रजिमा) असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपविभागात, इतर जिल्हा मार्ग (इजिमा) किंवा ग्रामीण मार्ग असेल तर जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात अर्ज द्या. कारण देखभालीचा निधी या वर्गवारीनुसारच मिळतो. मात्र कामाच्या फलकावरचा दोषदायित्व कालावधी (काम झाल्यावर त्यातल्या दोषांची जबाबदारी ठेकेदारावर असते तो काळ) संपला नसेल, तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत तो ५ वर्षांचा असतो. अर्जात साखळी क्रमांक (रस्त्याच्या सुरुवातीपासून खराब भागाचं अंतर) लिहा, आणि नुसते खड्डे भरून घेऊ नका. आपली काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचं डांबर तुटतं. म्हणून पाणी वाहून जायला बाजूच्या नाल्या व साइडपट्ट्यांचा मुरूम आवर्जून मागा.