अमेरिकेत जुनं बेसबॉल स्टेडियम पाडून नवीन बांधायचं म्हटलं की फॅन लोक एवढे का भांडतात? शेवटी सिमेंट-लोखंडच ना? आणि दुरुस्त करून चालत नाही का?

"शेवटी सिमेंट-लोखंडच ना" हे वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य मी आमच्या साडूंच्या तोंडून दर गणपतीला जेवणाच्या पंगतीत ऐकतो, त्यामुळे उत्तर थोडं तिखट झालं तर समजून घ्या, राग तुमच्यावर नाहीये.

मी डेट्रॉईटच्या उपनगरात राहतो, नव्वदच्या दशकात गाड्यांच्या कामासाठी आलो आणि इथलाच झालो. म्हणून मी इथल्या टायगर्स टीमच्या जुन्या टायगर स्टेडियमबद्दलच बोलणार, यँकी स्टेडियम, कोमिस्की पार्क वगैरे तिकडच्या लोकांनी लिहावं.

टायगर स्टेडियम मिशिगन अव्हेन्यू आणि ट्रंबलच्या नाक्यावर होतं, जुने लोक नुसतं "द कॉर्नर" म्हणायचे. २० एप्रिल १९१२ ला उघडलं, तेव्हा नाव नॅव्हिन फील्ड, मग ब्रिग्ज स्टेडियम, १९६१ पासून टायगर स्टेडियम. टाय कॉब इथे खेळला, बेब रूथने ७०० वा होम रन (म्हणजे आपला सिक्सर समजा) इथे मारला, लू गेरिगने २१३० मॅच सलग खेळून झाल्यावर १९३९ मध्ये "आज मला बाहेर बसवा" म्हणून स्वतःहून सांगितलं ते पण इथेच. सेंटर फील्डची भिंत ४४० फुटांवर, आणि तिथे १२५ फुटी झेंड्याचा खांब चक्क मैदानाच्या आत, बॉल त्याला लागला तरी खेळ चालूच. असली विचित्र गोष्ट आता कोणी बांधून देणार नाही.

हे सगळं गूगलवर मिळेल. मला सांगायचंय ते दुसऱ्या खांबांबद्दल.

१९९९ च्या उन्हाळ्यात बाबा आले होते. शेवटचा सीझन चालू होता, म्हटलं बाबांना दाखवू. बाबा गिरगावचे, ब्रेबॉर्नवर रांगा लावून टेस्ट बघितलेला माणूस, बेसबॉल म्हणजे त्यांच्या लेखी बिनटप्प्याच्या बॉलवर चालणारा दांडपट्टा. साडूही आले, बायकोच्या मोठ्या बहिणीचे मिस्टर, सिव्हिल इंजिनियर, हे महत्त्वाचंय. मधल्या वारची दुपारची मॅच, राईट फील्डच्या अप्पर डेकची स्वस्तातली तिकिटं. साडू फुकट पार्किंग शोधत कॉर्कटाऊनच्या गल्ल्यांतून फिरत बसले आणि दुसरी इनिंग संपता संपता आले, तोपर्यंत आम्ही चांगल्या खुर्च्या धरलेल्या, त्यांच्या वाट्याला आली ती खांबामागची. बस्स. त्या दिवसापासून टायगर स्टेडियम म्हणजे त्यांच्यासाठी तो एक खांब. अहो, टीम तेव्हा इतकी वाईट खेळायची की अर्धं स्टेडियम रिकामं होतं, दोन खुर्च्या सरकले असते तर काय बिघडलं असतं, पण नाही, तिकिटावर जो नंबर आहे तिथेच बसणार आणि मान वाकडी करून कुरकुरणार.

बाबा मात्र रंगले. टरफलासकट खारे शेंगदाणे, टरफलं खालीच टाकायची याचा आधी संकोच, मग मजा. आणि मग तो होम रन आला. बॉल उंच गेला, राईट फील्डर मागे आला, ग्लोव्ह वर करून आमच्या बरोबर खाली उभा राहिला, आणि बॉल त्याच्या हातात न पडता आमच्यापासून चार खुर्च्यांवर येऊन आदळला. होम रन! बाबा ताडकन उभे राहिले, "अरे हा कॅच होता! ही चीटिंग आहे!" शेजारचे दोन म्हातारे हसून बेजार, त्यांना मराठीतला एकच शब्द कळला पण तेवढा पुरला. मग मी समजावलं की राईट फील्डला वरचा डेक खालच्या डेकपेक्षा दहा फूट पुढे, मैदानावर लटकतो, त्यामुळे खाली कॅच झाला असता तो बॉल वरच्यावर आम्ही झेलतो. बाबांना पटलं नाही ते नाहीच. पण नंतर अख्खी मॅच ते कठड्यावर वाकून त्या फील्डरला मराठीत सूचना देत होते आणि तो एकदा वर बघून हसलासुद्धा. एवढ्या जवळ होतो आम्ही, आणि हे सगळ्यात स्वस्त तिकिटांपैकी एक होतं.

आता तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. खांब का होते? वरचा डेक खालच्या डेकच्या डोक्यावर, मैदानाला चिकटून उभा करायचा म्हणून. भार खाली उतरवायला खांब लागणारच. खांब काढा म्हटलं की वरचा मजला मागून तोलून धरायला लागतो, म्हणजे तो मागे सरकतो, आणि मध्ये लक्झरी सुइटचे, म्हणजे पैसेवाल्यांच्या खाजगी खोल्यांचे, मजले घातले की आणखी वर जातो. खांबामागच्या काही लोकांचा त्रास गेला, बरोबर आहे, पण त्या बदल्यात वरच्या प्रत्येक माणसाला खेळापासून लांब नेऊन बसवलं. हे गणित आमच्या साडूंना माझ्यापेक्षा चांगलं कळतं, त्यांचा धंदाच तो, पण तोंडाने कबूल करणार नाहीत.

नवीन स्टेडियम म्हणजे कोमेरिका पार्क, एप्रिल २००० मध्ये उघडलं. बाबा पुढच्या खेपेला आले तेव्हा तिथेही नेलं, अप्पर डेकलाच. आत बेसबॉलच्या आकाराचे पाळणे असलेलं मोठं चक्र आहे, वाघांवर बसून फिरायचा मेरी-गो-राउंड आहे, खायला काय वाटेल ते. बाबांनी सगळं फिरून बघितलं, वर येऊन बसले, डोळे बारीक केले, थोड्या वेळाने म्हणाले, "जत्रा छान आहे. मॅच कुठे चाललीय?" साडूंना हा किस्सा आवडत नाही.

दुरुस्ती होत नाही का? होते हो! फॅन लोकांचा क्लब होता, १९८८ च्या २० एप्रिलला लोकांनी हातात हात घालून स्टेडियमला अक्षरशः मिठी मारली होती. नुसती रडारड नव्हती, आर्किटेक्ट नवरा-बायकोने मिळून 'कॉक्रेन प्लॅन' म्हणून पूर्ण आराखडा काढून दिला होता, त्यात सुइटसुद्धा बसवलेले, अंदाजे खर्च २६ मिलियन डॉलर. कोणी धड बघितलं नाही त्याकडे. नवीन बांधायला लागले ३०० मिलियनच्या आसपास, त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त पैसा लोकांचा. मधल्या काळात टीम एका पिझ्झावाल्याकडून दुसऱ्या पिझ्झावाल्याकडे गेली (डॉमिनोजच्या मोनाहनकडून लिटल सीझर्सच्या इलिचकडे, १९९२ मध्ये), मालक बदलला पण हट्ट तोच.

इथे साडू बोट वर करून म्हणतात, "अरे, लोकांनीच मत दिलं ना!" दिलं. १९९२ मध्ये डेट्रॉईटच्या मतदारांनी सांगितलं की स्टेडियमसाठी शहराचा पैसा वापरायचा नाही, आणि १९९६ मध्ये त्याच शहराने मोठ्या बहुमताने ते फिरवलं. पण तेव्हाचं डेट्रॉईट डाउनटाउन ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल, बिल्डिंगच्या बिल्डिंग ओस पडलेल्या, अशा शहराला कोणी म्हटलं की नवीन स्टेडियम आलं की धंदे येतील, नोकऱ्या येतील, तर माणसं हो म्हणणारच. त्याला मी मैदानाबद्दलचं मत मानत नाही.

मला यात गप्प केलं ते एकानेच, आणि तो साडू नाही. आमच्या प्लँटमध्ये टूल-अँड-डायचं काम करणारा एक काळा म्हातारा होता, जन्म डेट्रॉईटचाच. मी एकदा लंचला स्टेडियमचं गुणगान लावलं होतं, तो सँडविच खात खात म्हणाला, माझे वडील त्या गेटमधून कधी आत गेले नाहीत. टायगर्सनी पहिला काळा प्लेअर खेळवला १९५८ मध्ये, ऑझी व्हर्जिल, या लीगमध्ये काळ्या प्लेअरांना दार उघडणाऱ्या जॅकी रॉबिन्सननंतर अकरा वर्षांनी, त्यांच्यानंतर फक्त बॉस्टन राहिलं होतं. मग तो म्हणाला की तुम्ही उपनगरातून फ्रीवेने येता, मॅच बघता, फ्रीवेने जाता, आणि बंद होणार म्हटल्यावर रडता. मला उत्तर सुचलं नाही. पण तोच माणूस टायगर्सच्या काळ्या प्लेअरचं, विली हॉर्टनचं, नाव काढलं की वेगळाच व्हायचा. १९६७ ची दंगल पेटली तेव्हा हॉर्टन मॅच संपल्यावर युनिफॉर्मवरच वस्तीत गेला आणि गाडीवर चढून लोकांना घरी जा म्हणून विनवत होता, आणि पुढच्या वर्षी त्याच टीमने वर्ल्ड सीरिज जिंकली. म्हणजे भांडण इमारतीवरून दिसतं, पण प्रत्येकजण भांडत असतो ते कोणाला आत जागा होती आणि कोणाला नव्हती यावरून.

आपल्याकडे तरी वेगळं काय झालं? ब्रेबॉर्न असताना हाकेच्या अंतरावर वानखेडे का बांधलं? ब्रेबॉर्नचा मालक क्लब सीसीआय आणि मुंबई क्रिकेट असोसिएशनचं टेस्टच्या जागांच्या वाटपावरून वाजलं म्हणून. १९७५ मध्ये वानखेडेवर पहिली टेस्ट झाली. फरक एवढाच की ब्रेबॉर्न कोणी पाडलं नाही.

शेवटची मॅच २७ सप्टेंबर १९९९, कॅन्सस सिटीविरुद्ध. मला तिकीट मिळालं नाही, घरी टीव्हीवर बघितली. टायगर्सच्या रॉबर्ट फिकने आठव्या इनिंगला ग्रँड स्लॅम (एका फटक्यात चार रन देणारा होम रन) मारला, बॉल राईट फील्डच्या छपरावर आपटून परत मैदानात आला, टायगर्स ८-२ ने जिंकले, आणि त्या मैदानातला तो शेवटचा हिट ठरला. नंतर जुने प्लेअर युनिफॉर्म घालून एकेक करून मैदानात आले, जुना पिचर मार्क फिड्रिच धावत माउंडवर, म्हणजे बॉल टाकायच्या उंचवट्यावर, गेला आणि गुडघ्यावर बसून पिशवीत माती भरायला लागला. साडू शेजारी सोफ्यावर होते. तेव्हा काही बोलले नाहीत, हे मी नोंदवून ठेवतो.

आणि ज्यांना वाटतं की जुनं टिकूच शकत नाही, त्यांनी बॉस्टनला जाऊन यावं. फेनवे पार्क टायगर स्टेडियमच्याच दिवशी उघडलं, २० एप्रिल १९१२, तारीख तीच. त्यांनाही १९९९ मध्ये पाडायचंच होतं, नवीन फेनवेचा प्लॅन जाहीर झाला होता. २००२ मध्ये मालक बदलले, त्यांनी ठेवायचं ठरवलं, २००३ मध्ये त्या उंच हिरव्या भिंतीवर सीट बसवल्या आणि पुढची दहा वर्षं हप्त्याहप्त्याने दुरुस्ती केली. खांब अजून आहेत. लोक खांबामागचं तिकीटपण काढतात.

आता न्यायाने दोन गोष्टी सांगतो नाहीतर कोणीतरी कमेंटमध्ये सुनावेल. टायगर स्टेडियमचे संडास भयंकर होते, आतले पॅसेज अरुंद, व्हीलचेअरवाल्यांचे हाल, पार्किंगच्या नावाने बोंब. मोडकळीला आलेल्या भागांवर खर्च करावाच लागला असता आणि २६ मिलियनचे पुढे किती झाले असते कोण जाणे, घराचं काम काढलेल्या कोणालाही विचारा. शिवाय कोमेरिका झाल्यावर डाउनटाउन खरंच सुधारलं, त्याचं श्रेय किती स्टेडियमला द्यायचं यावर वेगळं भांडण होईल.

पण तुमच्या शहरात असं काही शिजत असेल तर सुनावणीला जा आणि दोनच गोष्टी मागा. एक, नवीन स्टेडियमचं सेक्शन ड्रॉइंग, म्हणजे उभा छेद. त्यात वरच्या डेकची पहिली रांग होम प्लेटपासून (बॅटर उभा राहतो ती जागा) किती लांब आहे आणि मध्ये सुइटचे किती मजले आहेत ते बघा, बाकी रंगीत चित्रं बाजूला ठेवा. दोन, जुन्या जागेचं काय करणार ते आधी लेखी घ्या. आमच्याकडे स्टेडियम जवळपास नऊ वर्षं कुलूप लावून उभं होतं, मग २००८-०९ मध्ये पाडलं, मैदानात गवत माजलं, शेवटी २०१० पासून फॅन लोकच आपापली मशीनं घेऊन कुंपणाच्या आत शिरून गवत कापायचे, वर त्यांनाच हाकलायला माणसं यायची. २०१८ मध्ये तिथे लहान मुलांसाठी मैदान झालं, तेही आर्टिफिशियल टर्फ घालून. त्यावरूनही भांडणं झाली. साडू म्हणतात मुलं दिवसभर खेळणार, खरं गवत टिकणार नाही, आणि यात त्यांचं बरोबर असू शकेल.

ता.क. – एकाने कमेंटमध्ये विचारलंय की मग तुम्हाला सगळीच जुनी स्टेडियम ठेवायची आहेत का. नाही. १९७० च्या आगेमागे फुटबॉल आणि बेसबॉल दोन्ही एकाच गोल वाडग्यात कोंबायची जी फॅशन आली होती, पिट्सबर्गचं थ्री रिव्हर्स, सिनसिनाटीचं रिव्हरफ्रंट, फिलाडेल्फियाचं वेटरन्स, ती गेली ते बरं झालं. वेटरन्स तर २००४ मध्ये सुरुंग लावून मिनिटभरात खाली बसवलं. तिथे खांब नव्हते आणि खेळही नीट दिसत नव्हता.