सोलापूरच्या अंगणातला सिंधुदुर्ग

प्रिय चिनू,

काल जेवताना तू विचारलंस, "आई, आपण सोलापूरचे. तिथे समुद्रच नाही. मग सिंधुदुर्ग आपला कसा? आणि दर दिवाळीत तोच का करायचा?" शाळेत कुणीतरी तुला हे विचारलं होतं म्हणे. मला पटकन उत्तर सुचलं नाही, आणि प्रश्न लागलाही. कारण तुझ्याएवढी होते तेव्हा मी समुद्र पाहिलेलाच नव्हता, तरी किल्ला मात्र तोच हवा असायचा.

सहामाही संपली की अभिमामा आप्पाआजोबांच्या शेतातली काळी माती पोत्यात भरून सायकलवर आणायचा. गल्लीतली बाकीची मुलं विटांवर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकून डोंगर उभा करायची. आम्हाला समुद्र हवा असायचा, आणि नळाला पाणी चार-चार दिवसांनी यायचं. आज्जी पिंपाला हात लावू द्यायची नाही. शेवटी तडजोड झाली, तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी आमचं. युरियाच्या पोत्यातला प्लास्टिकचा कागद खड्ड्यात अंथरायचा, त्यात ते गढूळ पाणी ओतायचं आणि वरून कपड्यांची नीळ. झाला अरबी समुद्र! काळी माती वाळली की भेगाळते. नरकचतुर्दशीला पहाटे उठून बघावं तर बुरूज फाटलेला. मामा ओल्या बोटानं भेग लिंपत बसलेला आणि आज्जी तेलाची वाटी घेऊन मागे उभी.

लढाया मामाच्या आणि विहिरी माझ्या, अशी आमची वाटणी होती. २५ नोव्हेंबर १६६४ ला महाराजांनी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर बांधकाम सुरू केलं, हे तो घडाघडा सांगायचा. जंजिऱ्याचा सिद्दी हाती लागत नव्हता, दर्यावर पोर्तुगीज आणि इंग्रज होते, म्हणून समुद्रात स्वतःचं ठाणं हवं होतं. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली तीनेक वर्षं काम चाललं. पायाचे दगड शिसं ओतून बसवले. तीनेक किलोमीटरचा नागमोडी तट, आणि दरवाजा बुरुजांच्या आड असा लपवलेला की होडी अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. मी मात्र दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन नावांवर अडकून बसायचे. चहूकडे खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी! पाण्याची वाट बघणाऱ्या घरातल्या मुलीला याहून मोठं नवल कुठलं असणार? आमच्या किल्ल्यात मी तीन पणत्या पुरायचे. त्यांत मात्र माठातलं पाणी. तेवढं आज्जी द्यायची.

एवढ्यानं तुझा प्रश्न सुटत नाही, हे मला कळतं. शाळेच्या वाटेवर आमच्या डोळ्यांसमोर एक खरा किल्ला होता, सोलापूरचा भुईकोट. दुहेरी तट, खंदक, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव. तो बहमनी काळातला. पुढे आदिलशाही आणि निजामशाही त्याच्यावरून भांडत राहिल्या, चांदबिबीच्या लग्नात तो आंदणही दिला गेला. आतल्या बागेत बसून आम्ही शेंगा खाल्ल्या, पण दिवाळीत आमच्या गल्लीत कुणी भुईकोट केल्याचं मला आठवत नाही. महाराजांचा नव्हता म्हणून, हेच एक कारण सुचतं, आणि ते मला आज पुरत नाही. लांबचा किल्ला आपला आणि दारातला नुसता बागेपुरता, असं का झालं असेल?

सिंधुदुर्ग मी पाहिला तो लग्नानंतर, तुझ्या बाबांबरोबर. मला वाटलं होतं ओसाड असेल. आत घरं होती, दोरीवर कपडे वाळत होते. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारी कुटुंबं आहेत. पावसाळ्यात दर्या खवळला की प्रवाशांच्या होड्या बंद होतात, तरी त्यांचा संसार आत चालूच असतो. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ पाहिलं, चुन्यातला महाराजांच्या हाताचा ठसा पाहिला. पण खरं सांगू? मी आधी विहीर शोधली. एक मावशी पाणी शेंदत होत्या. त्यांनी न विचारताच माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. गोडं होतं. किल्ला तुमचा कसा, असं त्यांना कुणी विचारणार नाही, त्यांचं घरच तिथे आहे. माझं नातं तांदळाच्या पाण्यापुरतं, पण तेही खोटं नाही गं.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात सिंधुदुर्ग आहे हे सांगायला मामानं सोलापूरहून फोन केला, तेव्हा त्याला नीट बोलता येत नव्हतं. म्हणजे आता तो किल्ला तुझ्या वर्गातल्या मुलांचाही थोडा आहे. वाटलं तर त्यांना तसं सांग.

यंदा बाल्कनीत कुठला किल्ला करायचा ते तू ठरव. भुईकोट करायचा असेल तर मला फार आवडेल, तलावाची बाजू मी सांगते. करायचाच नसेल तर तेही चालेल, मी आणि बाबा करू. डिसेंबरात सोलापूरला गेलो की आधी भुईकोट बघू. मालवणला जायचं की नाही ते मग ठरवू. होडीची भीती वाटली तर आपण किनाऱ्यावरच थांबू. महाराजांनी जिथे पूजा केली तो मोरयाचा धोंडा किनाऱ्यालाच आहे, आणि समोर किल्ला दिसतो.

तुझी,
आई