संक्रांत जुलैत का करत नाही?

चि. मैत्रेयी हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

जुलैच्या शालेय सुट्टीत बॅलरॅटजवळच्या सॉव्हरिन हिलवर यंत्राने उडवलेला खोटा बर्फ आणि दिव्यांनी सजवलेला जुना रस्ता पाहून आल्यापासून तू मला एकच प्रश्न विचारते आहेस. ख्रिसमस हा मुळात थंडीचा सण असल्यामुळे ऑस्ट्रेलियातील लोक हौसेने तो जुलैतही साजरा करतात. मग संक्रांतही थंडीचाच सण असताना आपण ती जानेवारीच्या भाजणाऱ्या उन्हात का करायची आणि घामाच्या धारा पुसत तिळगूळ का खायचा, असे तुझे म्हणणे आहे. मेलबर्न कप या घोड्यांच्या शर्यतीची सुट्टी, दिवाळी, ख्रिसमस, बॉक्सिंग डेचा कसोटी सामना आणि शेवटी संक्रांत अशी सणांची रांग आता लागणार आहे, म्हणून त्याआधीच सविस्तर उत्तर लिहिते आहे.

प्रथम तुझ्या बाजूचे सारे मुद्दे मांडते, कारण ते तुला वाटतात त्यापेक्षा अधिक भक्कम आहेत. महाराष्ट्रात संक्रांत पौषातल्या कडक थंडीत येते. खरिपातील तीळ आणि बाजरी तोवर घरात आलेली असते, उसाचे गाळप चालू असल्याने कोल्हापूरकडचा नवा गूळ बाजारात असतो, शेतात हरभऱ्याला घाटे धरलेले असतात आणि बोरे पिकलेली असतात. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा यांची मिसळीची भाजी होते, ती या हंगामाची पानात वाढलेली मोजदादच असते. तीळ आणि गूळ उष्ण मानले जातात, काळे कापड ऊब धरून ठेवते आणि हलव्याला काटा थंडीतच चांगला येतो. थोडक्यात सांगायचे तर, संक्रांतीच्या ताटातला आणि अंगावरचा प्रत्येक जिन्नस त्या हवेतून आणि त्या मातीतून आलेला आहे. मेलबर्नमध्ये चौदा जानेवारीला पारा कधी कधी चाळीस अंशांच्या पुढे जातो, तेव्हा यांपैकी एकही कारण उरत नाही.

आकाशाकडे पाहिले तरी तुझी बाजू पडत नाही. मकरसंक्रांतीला सूर्य मकर राशीत जातो आणि उत्तरायणाचा आनंद म्हणून आपण हा दिवस मानतो. खरे उत्तरायण २१ किंवा २२ डिसेंबरलाच सुरू झालेले असते. पृथ्वीच्या अक्षाची दिशा फार संथपणे बदलत असल्यामुळे राशींवर आधारलेले आपले गणित त्यापासून सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस या वेगाने दूर सरकत गेले आहे आणि आज हे अंतर तीन आठवड्यांहून थोडे अधिक आहे. तिकडे आजी म्हणते की संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो. साताऱ्यात ते अगदी बरोबर आहे. इथे मात्र त्या दिवशी साडेचौदा तासांच्या आसपास उजेड असतो आणि तिथून पुढे दिवस तिळातिळाने लहान होत जातो. उलट जुलैच्या मध्यावर, सूर्य कर्क राशीत जातो तेव्हा, दक्षिण गोलार्धातला सर्वांत लहान दिवस नुकताच मागे पडलेला असतो, दिवस वाढू लागलेला असतो, आणि क्वीन्सलँडमध्ये उसाचे गाळपही सुरू झालेले असते, कारण तिथला गाळप हंगाम साधारण जून ते डिसेंबर असा चालतो. म्हणजे ऊन, ऊस आणि दिवसाची लांबी हे तिन्ही साक्षीदार तुझ्याच बाजूने बोलतात.

असे असूनही मी संक्रांत जुलैत नेणार नाही. त्याचे कारण समजून घेण्यासाठी ऑस्ट्रेलियातील ख्रिसमसकडेच नीट पाहावे लागेल, कारण हीच अडचण इथे आपल्या आधी ब्रिटनहून आलेल्या लोकांसमोर उभी राहिली होती. १७८८ साली पहिल्या जहाजांतून आलेल्या लोकांनी बर्फातला सण ऐन उन्हाळ्यात आणून ठेवला. पुढे कित्येक पिढ्या लोक तापलेल्या स्वयंपाकघरात चूल पेटवून पक्षी भाजत राहिले आणि तासन्‌तास उकळावे लागणारे प्लम पुडिंग घाम पुसत खात राहिले. दुकानांच्या काचांवर कापसाचा बर्फ आजही चिकटवलेला दिसतोच. मात्र हळूहळू या देशाने ताट बदलले. गार कोळंबी आली, थंड हॅम आले, फळांनी सजवलेला पावलोवा हा गोड पदार्थ आला, आणि जेवण घरातून अंगणात व समुद्रकिनाऱ्यावर गेले. सिडनीचा मासळीबाजार ख्रिसमसच्या आधी सलग छत्तीस तास उघडा असतो, यावरून ही नवी रीत किती खोल रुजली आहे ते कळते. सजावटीतही इथली झाडे आली: न्यू साउथ वेल्समध्ये डिसेंबरात लाल होणाऱ्या एका झुडपाला लोक ख्रिसमस बुश म्हणतात, आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात त्याच दिवसांत नारिंगी-पिवळ्या फुलांनी पेटल्यासारखे दिसणारे झाड ख्रिसमस ट्री म्हणून ओळखले जाते.

मेलबर्नने तर या उन्हाळ्यातून एक नवीच परंपरा निर्माण केली. नॉर्मन बँक्स नावाचे रेडिओ निवेदक १९३७ साली रात्रीचे काम संपवून घरी जात असताना त्यांना एका खिडकीत मेणबत्तीच्या उजेडात बसून रेडिओवरची ख्रिसमसची गाणी ऐकणारी एक वृद्ध स्त्री दिसली, आणि पुढच्या वर्षी, १९३८ च्या ख्रिसमसच्या आदल्या रात्री, त्यांनी यारा नदीकाठच्या अलेक्झांड्रा गार्डन्समध्ये लोकांना मेणबत्त्या घेऊन एकत्र गायला बोलावले. आपण सिडनी मायर म्युझिक बोलच्या हिरवळीवर चटई पसरून जो कार्यक्रम ऐकतो, तो हाच. लंडनच्या डिसेंबरात हजारो माणसे रात्री उघड्यावर बसून गाऊ शकली नसती. हिवाळ्याचा सण उन्हाळ्यात आल्यामुळे काही गमावले तसे काही मिळालेही, आणि जे मिळाले ते इथल्या हवेनेच दिले.

आता यात एक गोष्ट तुझ्या लक्षात आली असेल. एवढे सगळे बदलले, तरी तारीख कोणी हलवली नाही. ताट, कपडे, फुले, गाण्याची जागा सारे इथले झाले आणि २५ डिसेंबर मात्र तसाच राहिला. तू सॉव्हरिन हिलवर पाहिलेला किंवा ब्लू माउंटन्समधल्या हॉटेलांत यूलफेस्ट म्हणून चालणारा जुलैचा ख्रिसमस ही हिवाळ्यातली हौस आहे. शेकोटी, भाजलेले मांस आणि गरम पुडिंग यांची मजा थंडीत घ्यावी म्हणून ती निघाली, आणि ती मजा खरीच आहे. परंतु त्या दिवशी कोणी आपल्या आजीला फोन करून शुभेच्छा देत नाही, चर्चमध्ये मध्यरात्रीची प्रार्थना होत नाही आणि देशाला सुट्टीही नसते. सणाची तारीख ही एकट्याच्या सोयीची वस्तू नसते. ती इतर सर्वांबरोबर मिळून धरलेली असते, म्हणूनच ती सण होते. संक्रांतीच्या सकाळी तू साताऱ्याला फोन करतेस तेव्हा आजीच्या हातातही तिळगुळाचा डबा असतो. जुलैत फोन केलास तर ती आषाढी एकादशीच्या साबुदाण्याबद्दल किंवा कोसळणाऱ्या पावसाबद्दल बोलेल. तिळगूळ घ्या, गोड बोला, हे वाक्य एकाच दिवशी दोघांनी एकमेकांना म्हणायचे असते, आणि तेवढ्यासाठी थंडीची अजिबात गरज नाही.

तारीख पाळणे म्हणजे भारतातले कॅलेंडर डोळे मिटून लावणे, असे मात्र समजू नकोस. तिथी आकाशातल्या सूर्यचंद्रांच्या स्थितीवरून ठरते आणि ती एका ठरावीक क्षणी सुरू होऊन दुसऱ्या ठरावीक क्षणी संपते, पण तो क्षण कोणत्या गावी कोणत्या वेळी येतो यावर सणाचा दिवस अवलंबून असतो. २०२४ साली लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला, यावरून भारतात मोठा वाद झाला, कारण लक्ष्मीपूजन अमावास्येच्या संध्याकाळी करायचे असते आणि अमावास्या ३१ तारखेला दुपारी पावणेचारनंतर सुरू होऊन १ तारखेला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास संपत होती. उन्हाळी वेळेमुळे मेलबर्न भारताच्या साडेपाच तास पुढे असते, त्यामुळे इथे ती ३१ तारखेला रात्री नऊनंतर, म्हणजे सूर्यास्त होऊन गेल्यावर सुरू झाली आणि १ तारखेच्या संपूर्ण संध्याकाळी टिकली. आपल्याकडे वाद उरलाच नाही. फोनवर तुझे काका पंचांगांची तुलना करत बसले होते, तेव्हा तुझे बाबा शांतपणे आकाशकंदिलाची वायर जोडत होते. इथे त्या दिवसांत सूर्य पावणेआठनंतर मावळतो, म्हणून पणत्या उशिरा लागतात आणि लहान मुले फराळ खाऊन पेंगू लागतात, हे खरे आहे. तरी नरक चतुर्दशीची पहाट इथेही दहा अंशांच्या आसपास गारठलेली असते, त्यामुळे उटणे आणि कढत पाणी यांचे मोल ऑस्ट्रेलियाच्या वसंतातही कमी होत नाही. फटाके मात्र नाहीत, कारण व्हिक्टोरियात ते घरी उडवण्यास कायद्यानेच मनाई आहे, आणि सुक्या गवताच्या या प्रदेशात ती योग्यच आहे असे माझे मत आहे.

ऋतूंबद्दल आणखी एक सांगते. या भूमीला चार ऋतू आहेत हीसुद्धा बाहेरून आलेलीच कल्पना आहे. मेलबर्नच्या परिसरातील मूळ रहिवासी असलेले कुलिन लोक वर्षाचे सात ऋतू मानत आले आहेत. त्यांत नोव्हेंबर हा कांगारू गवत फुलण्याचा काळ आहे आणि जानेवारी-फेब्रुवारी हा कोरड्या दिवसांचा. पर्थच्या बाजूचे मूळ रहिवासी नूंगार लोक सहा ऋतू मानतात, आपल्यासारखेच सहा, फक्त त्यांची विभागणी अगदी वेगळी आहे. म्हणून आपली दिवाळी इथे ‘चुकीच्या’ ऋतूत येते असे तू शाळेत कोणाला सांगू नकोस. ती गवत फुलते तेव्हा येते, एवढे सांग.

याच न्यायाने आपल्या संक्रांतीचे काय ठेवायचे आणि काय सोडायचे याचा विचार मी आणि बाबांनी केला आहे. तिळगूळ ठेवायचा, पण लाडू मोठे न वळता सुपारीएवढे वळायचे, म्हणजे उन्हात एकच खाल्ला तरी पुरतो. गुळपोळी जानेवारीत करायची नाही. ती जुलैत करू आणि भरपूर तूप घालून खाऊ, फक्त तिला संक्रांत म्हणणार नाही. जुलैच्या ख्रिसमसमधून घेण्यासारखे मला एवढेच दिसते. काळी साडी मी सूर्य मावळल्यावर हळदीकुंकवाला नेसते. तसे पाहिले तर गडद रंगाचे कापड अतिनील किरणे अधिक अडवते, आणि उन्हापासून त्वचा जपण्याची ‘स्लिप, स्लॉप, स्लॅप’ ही मोहीम १९८१ साली इथेच सुरू झाली, त्यामुळे संक्रांतीच्या काळ्या रंगाला मेलबर्नमध्ये एक नवे कारण सापडले आहे, असे मी बाबांना ऐकवत असते. त्यांना ते पटत नाही. तुझ्या धाकट्या भावाच्या बोरन्हाणात बोरांऐवजी चेरी घातल्या, कारण चेरी हे इथले ख्रिसमसच्या दिवसांतले फळ आहे; त्याच्या पांढऱ्या झबल्यावरचे डाग अजून गेलेले नाहीत, म्हणून ही सुधारणा सर्वांना सुचवावी असे मला वाटत नाही.

आंब्याची गोष्ट मात्र मला सर्वांत आवडते. साताऱ्यात आंबा अक्षय्य तृतीयेला देवापुढे ठेवायचा आणि मग खायचा. इथे आंब्याची पेटी ख्रिसमसला घरी येते. क्वीन्सलँडच्या बोवेन भागातून प्रसिद्ध झालेला केन्सिंग्टन प्राइड हा आंबा, एकोणिसाव्या शतकात लष्करासाठी हिंदुस्थानात घोडे पोहोचवून परतणाऱ्या जहाजांतून आलेल्या कोयींपासून वाढला, असे मानले जाते. ज्या फळाला आपण इथे उन्हाळ्याची भेट समजतो, ते बहुधा आपल्या आधी आपल्याच बाजूने आले, आणि त्याने आपला हंगाम इथल्या सूर्याप्रमाणे लावून घेतला. म्हणून यंदा संक्रांतीच्या वाणात सुवासिनींना एकेक आंबा द्यायचे मी ठरवले आहे. तिकडे हे कोणी ऐकले तर हसतील, पण वाण हे त्या दिवसांत शेताने जे दिले ते वाटून घेण्यासाठीच असते.

राहता राहिली भोगीची भाजी. वांगी, घेवडा आणि टोमॅटो इथे जानेवारीतच उत्तम मिळतात, गाजर बारमाही आहे. पावटा आणि ओला हरभरा भारतीय दुकानातून गोठवलेला आणावा लागेल. मला वाटते, त्या दोघांच्या जागी बाजारात ताजे जे मिळेल ते घालून पाहावे, आणि ते काय असावे हे या वर्षी तू ठरवावेस. यादी करून आजीला फोनवर वाचून दाखव. ती एकदोन नावांवर नक्की हरकत घेईल. तेव्हा तिच्याशी वाद न घालता ती हरकत का घेते आहे ते विचार आणि मला येऊन सांग.

तुझी,
आई