मानेच्या धमनीची सोनोग्राफी केली की हार्टचं आधी कळतं का?

तुमचं वय ४६, वडिलांना पन्नाशीत अटॅक आलेला. चेकअपच्या पॅकेजमध्ये कॅरोटिड डॉपलर, म्हणजे हीच मानेची सोनोग्राफी आहे. ती नॉर्मल आली तर स्ट्रेस टेस्ट टाळता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

थोडंफार कळतं. पण नॉर्मल रिपोर्ट घेऊन निर्धास्त व्हायचं असेल तर करूच नका. हे मी आमच्या घरातल्या दोन रिपोर्टांवरून सांगतो.

आमचे वडील, अण्णा, बावन्नाव्या वर्षी हार्टने गेले. म्हणून २०१६ च्या दिवाळीनंतर मी आणि दादा एकाच सकाळी सांगलीत ही तपासणी करून आलो. दादा ५४ चा, मी ४९. दादाला तंबाखू, बीपीची गोळी आठवली तर घ्यायची. मी निर्व्यसनी. आधी दादा आडवा झाला. मान एका बाजूला वळवून थंडगार जेल लावलं. स्क्रीनवर धमनीच्या भिंतीच्या दोन पांढऱ्या रेघा आणि मधे बारीक काळी फट दिसत होती. त्यावरून भिंतीच्या आतल्या थरांची जाडी मोजतात. दादाची ०.७ मिलिमीटर, माझीही तेवढीच. पण माझ्या डाव्या बाजूला, धमनीला फाटा फुटतो तिथे, भिंतीवरून आत आलेला उंचवटा निघाला. १.९ मिलिमीटर. प्लाक, म्हणजे भिंतीत साठलेला चरबीचा थर.

दादाने घरी येऊन रिपोर्ट वहिनीपुढे ठेवला, "बघ, पाइपलाइन साफ आहे!" मग तो प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. तंबाखूवरून कुणी काही बोललं की फोल्डर बाहेर यायचा. बीपीची गोळी महिन्याभरात सुटली. मला डॉक्टरांनी त्याच आठवड्यात स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध, सुरू केलं, ते मी आजही रात्री जेवणानंतर घेतो.

मार्च २०१९ मध्ये पहाटे दादाला दरदरून घाम फुटला, कळ जबड्यापर्यंत गेली. दोन स्टेंट बसले.

तेव्हापासून दादा म्हणतो, मशीन खोटं बोललं. मी म्हणतो, मशीन बरोबरच होतं. त्याने मान बघितली, मान साफ निघाली. हृदयाच्या वाहिन्या बाहेरून सोनोग्राफीत नीट दिसत नाहीत, मानेची धमनी कातडीखालीच असते, म्हणून तिच्यावरून अंदाज बांधतात. पण आजार सगळीकडे सारखाच चढतो असं नाही.

आणि तो जाडीचा आकडा तर विसराच. इटलीतल्या डॉक्टरांनी १९८६ मध्ये तो सोनोग्राफीवर मोजून दाखवला, त्यावर वर्षानुवर्षं अभ्यास झाले. २०१२ मध्ये ४५ हजारांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून पाहिली, तर वय, बीपी, कोलेस्टेरॉल, साखर, धूम्रपान यांवरून जो धोका काढता येतो त्यात या जाडीने नगण्य भर पडली. अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१० मध्ये मध्यम धोक्याच्या माणसांसाठी ती चालेल म्हटलं होतं, २०१३ मध्ये सरसकट नको म्हणून सांगितलं. ही जाडी वयाने आणि बीपीनेही वाढते. प्लाकची गोष्ट वेगळी. तो दिसला तर धोका वरचा धरतात, युरोपच्या २०२१ च्या सूचनाही त्याचा विचार करायला सांगतात. डॉक्टर स्टॅटिनची गोळी द्यावी की नको अशा विचारात असतील तर सीटीवरचा कॅल्शियम स्कोअर, म्हणजे हृदयाच्या वाहिन्यांत साठलेल्या कॅल्शियमचं मोजमाप, याहून जास्त सांगतो.

तुमचं बीपी, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), साखर किती, तंबाखू आहे का, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. पॅकेजच्या आधी ते बघा. आपल्याकडे अटॅक लवकर येतो. अनेक देशांत अटॅकवर झालेल्या २००४ च्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांचं पहिल्या अटॅकचं मधलं वय ५३ निघालं, बाकीच्या देशांत जवळपास ५९.

एक राहिलं. तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, असं काही क्षणभरही झालं असेल तर वरचं सगळं सोडा आणि तडक हॉस्पिटलला जा. तिथे ही तपासणी वेगळ्या कारणाने आणि तातडीने लागते. काहीच त्रास नसताना निव्वळ ब्लॉकेज शोधायला मात्र ती करू नये, कारण त्यातून नको त्या अँजिओग्राफी आणि ऑपरेशनं मागे लागतात. आणि मी बँकेतला माणूस आहे, डॉक्टर नाही. स्ट्रेस टेस्टचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

दादा, तू हे वाचशील ते मला माहीत आहे. तो फोल्डर अजून ड्रॉवरमध्येच आहे. उघडून बघ, त्यात कुठेही "बीपीची गोळी बंद करा" असं लिहिलेलं नाही.