महसूल, तहसील आणि हौसला

मराठीत आलेल्या अरबी शब्दांची लांबलचक यादी करण्याऐवजी आपण सुरुवातीला 'ह-स-ल' हे एकच अरबी मूळ, म्हणजे ज्यांपासून अनेक शब्द घडतात अशी तीन व्यंजने, धरावे. 'हाती येणे' या त्याच्या अर्थातून महसूल, तहसील आणि 'काय हशील?' मधला हशील आले. तुर्की भाषेत मात्र 'तहसिल' म्हणजे वसुलीबरोबरच शिक्षणही, आणि 'महसुल' म्हणजे पीक. इंदुरात रोज कानी पडणारा हिंदी 'हौसला' अरबी कोशकार याच मुळाखाली देतात. अरबीत त्याचा अर्थ पक्ष्याच्या गळ्यातील दाण्यांची पिशवी असून फारसीत तो धीरापर्यंत पोहोचला, हे कळल्यावर मी चकितच झालो होतो. 'वसूल' मात्र या घरातला नव्हे. त्याचे मूळ 'व-स-ल', म्हणजे पोहोचणे. म्हणून केवळ यमकावरून नाते जोडू नये. आधी 'महसूल'मधला 'म' आणि 'तहसील'मधला 'त' बाजूला काढून उरलेली तीन व्यंजने तपासावीत.