प्रश्न: देशाचा कारभार तज्ज्ञांनी चालवावा की सामान्य नागरिकांनी?

तज्ज्ञ म्हणजे कोण, तर माझ्यासारखे. स्थापत्यचा डिप्लोमा, तीस वर्षं सरकारी नोकरी, शाखा अभियंता म्हणून निवृत्त. म्हणूनच सांगतो, आमच्या हाती कारभार देऊ नका.

साक्री तालुक्यात पांझरेकाठी पिढ्यान्‌पिढ्या फड पद्धती आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली तीन-चार फड म्हणजे शेतजमिनीचे मोठे तुकडे, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी पाटकरी फिरवतो, बाकीचं पंच ठरवतात. अशाच एका पाटाला, पाणी जमिनीत मुरू नये म्हणून, आतून अस्तर करायचं निघालं. अंदाजपत्रक माझं. मातीच्या पाटातून पाणी झिरपतं हे मी मोजून दाखवलं होतं.

काम सुरू झालं त्या दिवशी म्हातारा पाटकरी काठावर उकिडवा बसून तंबाखू मळत होता. म्हणाला, "साहेब, हाई पानी वाया नही जास. खालन्या विहिरीस्मा जास." मी हसलो. शेजारी ठेकेदार उभा होता, मी हसलो म्हणून तोही हसला.

अस्तर झकास झालं. शेवटच्या फडाला पाणी लवकर पोहोचायला लागलं, फोटो निघाले, बिलं निघाली. दुसऱ्या उन्हाळ्यात खालच्या अंगाच्या विहिरी तळाला गेल्या. पाझरच बंद केला होता आम्ही, दुसरं काय होणार? तोवर माझी बदली नंदुरबारला. मला हे कळलं एका लग्नात, पंगतीत, आणि वाढणारा त्याच गावचा निघाला. त्याने मला ओळखलं. वरण वाढून पुढे गेला, बोलला काही नाही.

आमचे साडू निवृत्त प्राध्यापक. दर दिवाळीला प्लेटोचं जहाज काढतात: जहाज खलाशांच्या मतावर चालत नाही, दिशा जाणणारा माणूस लागतो. मान्य. पण साडूभाऊ, तो माणूस जहाजावरच असतो ना? जहाज बुडालं तर तोही बुडतो. मी धुळ्याच्या क्वार्टरमध्ये नळाचं पाणी पीत होतो. फडात कसं, बहुतेकांचा एकेक तुकडा प्रत्येक फडात असतो. पाऊस कमी झाला आणि एक फड पडीक ठेवायचं ठरलं, की ठरवणाऱ्या पंचाचंही रान पडीक राहतं. त्यातल्या कुणाकडे पदवी नव्हती.

साडूंना तर मतदारही पदवीधर हवाय. आपल्याकडे 1995 पासून पुढे जन्मलेल्याला सरपंच व्हायला सातवी पासची अट आहेच की. तेवढ्याने गावं सुधारली का?

आता याचा अर्थ अक्कलपाड्यासारखं धरण हात वर करून बांधावं असा काढू नका. पाया किती खोल, सांडवा केवढा, हे इंजिनिअरनेच ठरवायचं, तिथे पाटकऱ्याला काय विचारणार? अस्तरही सगळीकडे वाईट नसतं, खाली विहिरी आहेत का ते आधी बघायचं, एवढंच. आणि लोक तरी कुठे धुतल्या तांदळासारखे? माझ्याच गावात ग्रामसभेत पाण्याच्या टाकीची दुरुस्ती मागे पडली आणि सभामंडप मंजूर झाला. हात वर करणाऱ्यांत आमचे थोरले बंधू सगळ्यांत पुढे. टाकी अजून गळतेय.

स्पर्धा परीक्षेच्या निबंधासाठी विचारलं असेल तर यातलं काही लिहू नका. तिथे 'दोहोंचा समन्वय' चालतो.