सॅम्पल बरोबर आलं, मग स्वेटर मोठा का होतोय?

प्रश्न : ताई, पॅटर्नमध्ये 10 सेमीला 22 टाके आणि 30 ओळी असं गेज दिलंय. मी आधी छोटं सॅम्पल विणलं, 5 सेमीत 11 टाके भरले म्हणून खूश होऊन 110 टाके घातले. पाठ 50 सेमी रुंद यायला हवी होती, आज मोजली तर 55! 30 सेमी विणून झालंय हो. धुतल्यावर आटेल का? आणि बाहीला नुसतंच "सारख्या अंतराने टाके वाढवा" लिहिलंय, ते अंतर कसं काढायचं?

उत्तर : आटेल या आशेवर राहू नका, लोकर धुतली की बऱ्याचदा वीण अजून सैलच होते.

गडबड सॅम्पलमध्ये आहे. 5 सेमीत अर्धा टाका इकडेतिकडे झाला तर डोळ्यांना कळत नाही, तुमचे बहुतेक साडेदहा असतील आणि तुम्ही 11 धरलेत. साडेदहा म्हणजे 10 सेमीला 21, आणि 110 टाक्यांवर तेवढ्यानेच जवळजवळ अडीच सेमी वाढले. बाकीचं हाताने केलं. सॅम्पल विणताना आपण परीक्षेला बसल्यासारखं घट्ट विणतो, आणि मग पाठ विणताना गप्पा सुरू, हात सैल. म्हणून सॅम्पल किमान 15 सेमीचं विणा, धुऊन वाळवा आणि मधोमध मोजा, कडेचे टाके वेडेवाकडे असतात.

पण आता नवीन सॅम्पल कशाला, ही 30 सेमीची पाठच तुमचं सॅम्पल! टाके एका दोऱ्यावर काढून घ्या, पाठ भिजवा, न ताणता सपाट पसरून वाळू द्या आणि मग मोजा. समजा 10 सेमीला 20 टाके आणि 28 ओळी आल्या. आता वीण हातात धरून बघा, अंगावर छान पडेल अशी वाटत असेल तर सुई तीच ठेवा आणि 50 सेमीसाठी 100 टाके घाला, शिवणीत दोन्हीकडचा एकेक जातो म्हणून 102. जाळीसारखी वाटत असेल तर एक साइज बारीक सुई घ्या, पण मग सॅम्पल परत करावं लागेल. सुई घेताना मिमी बघा, नंबर नको, कारण जुन्या ब्रिटिश नंबरात 8 म्हणजे 4 मिमी आणि अमेरिकन नंबरात 8 म्हणजे 5 मिमी, वर एकीकडे नंबर वाढला की सुई बारीक होते आणि दुसरीकडे जाड, मी यात एकदा पूर्ण बाही घालवलीय.

म्हणजे उसवायचंच. माहितीय, जिवावर येतं, पण असंच पुढे रेटलंत तर पुढचा भाग धरून घेर 100 ऐवजी 110 होईल. उसवलेल्या लोकरीची लडी करून कोमट पाण्यात बुडवा, टांगून वाळवा, कुरळेपणा जातो.

आता बाही. समजा मनगटाशी 24 सेमी हवी आणि दंडाशी 38, तर 20च्या गेजने 48 टाके आणि 76 टाके. फरक 28, प्रत्येक वेळी दोन्ही कडांना एकेक वाढवणार म्हणजे 14 वेळा. बॉर्डरच्या वर 38 सेमी लांबी असेल तर 28 ओळींच्या हिशोबाने 106 ओळी. शेवटच्या 8 ओळी सरळ सोडा, राहिल्या 98, भागिले 14, आल्या 7. पण दर सातव्या ओळीला वाढवायला गेलात तर एकदा सुलट ओळ येईल आणि एकदा उलट, उलट ओळीत वाढवणं कटकटीचं, म्हणून एकदा 6 ओळींनी, एकदा 8 ओळींनी असं आलटून पालटून करा. 42 आणि 56, झाले 98. वाढवताना कडेचा एक टाका सोडून आत वाढवा, शिवण साफ बसते.

प्रश्न : कार्डिगनच्या बटणपट्टीला कडेने टाके उचलले की पट्टीची झालर होते. उसवून दोनदा केलं, तरी तेच.

उत्तर : तुम्ही प्रत्येक ओळीला एक टाका उचलताय ना? साध्या विणीत टाका उंचीपेक्षा रुंद असतो, वरच्याच पॅटर्नचं बघा, 10 सेमीत ओळी 30 पण टाके 22च मावतात. तुम्ही 30 कोंबलेत तर ते फुलणारच. 4 ओळींमागे 3 टाके उचला, चौथी ओळ सोडा. पट्टी आत ओढली जायला लागली तर मात्र उलटं झालंय, टाके कमी पडलेत, तेव्हा अधूनमधून ती सोडलेली ओळपण घ्या.